‘अ‍ॅक्वायर’ आणि ‘संपादन’ : मुळशीच्या संदर्भात एक अर्थविचार

कायद्याची परिभाषा भावनिरपेक्ष असते असे सामान्यतः मानले जाते. ‘अ‍ॅक्वायर’ हे इंग्रजी क्रियापद आणि ‘संपादन करणे’ हा त्याचा मराठी पर्याय यांच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते.

‘अ‍ॅक्वायर’चे मूळ लॅटिन ‘अ‍ॅक्विरेरे’ या क्रियापदात आहे. ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे. ‘अ‍ॅड’ हा उपसर्ग लागून ‘आणखी मिळविणे’ असा अर्थ सिद्ध झाला. चौकशीचे ‘इन्क्वायर’ आणि जिंकण्याचे ‘कॉन्कर’ ही याच कुळातील क्रियापदे होत. ‘संपादन’ हा शब्द ‘सम् + पद्’ या धातूच्या प्रयोजक रूपापासून आला आहे. ‘संपत्ती’, ‘संपदा’, ‘संपन्न’ हे त्याचे सगोत्र. मराठीत ज्ञान, कीर्ती, विश्वास यांचे संपादन होते. तेथे कर्त्याचे परिश्रम अभिप्रेत असतात आणि दुसऱ्याचे काही हिरावले जात नाही. ‘भूसंपादन’ या समासात मात्र हा गौरवार्थ कायम राहून मूळ मालकाची संमती गळून पडते.

1894 च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक प्रयोजनाबरोबरच कंपन्यांसाठी जमीन घेण्याचीही तरतूद होती. याच कायद्याच्या आधारे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील जमिनी घेतल्या गेल्या. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, तेथे सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट आणि वि. म. भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते. कायद्याच्या शीर्षकात सक्तीचा उल्लेख नव्हता. मोबदल्याच्या कलमात मात्र संपादन सक्तीचे असल्याबद्दल बाजारभावावर शेकडा 15 अधिक देण्याची तरतूद होती. क्रियापदाने झाकलेला अर्थ असा आकड्यात प्रकट झाला.

लोकभाषेने हे क्रियापद स्वीकारलेले दिसत नाही. ‘जमीन धरणात गेली’ असेच म्हटले जाते. ‘जाणे’ हे अकर्मक असल्याने घेणारा येथे अनुल्लेखित राहतो. परंतु माणसाच्या मृत्यूसाठीही मराठी हेच क्रियापद योजते, ही बाब लक्षणीय आहे. ‘जान किंवा जमीन’ या सत्याग्रहाच्या घोषणेत तर क्रियापदच नाही. जीव आणि भूमी यांना तिने एकाच पातळीवर ठेवले.

शासकीय मराठीतही हा अंतर्विरोध आढळतो. जमीन घेणाऱ्याच्या बाजूने ‘संपादन’ म्हणणारी ही भाषा जमीन गमावणाऱ्यास ‘धरणग्रस्त’ म्हणते. आणि ‘ग्रस्’ या धातूचा अर्थ आहे गिळणे. एकाच व्यवहाराला एका बाजूने प्राप्ती आणि दुसऱ्या बाजूने ग्रास असे नाव मिळते.

1 जानेवारी 2014 पासून 1894 च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याच्या शीर्षकात वाजवी भरपाई, पारदर्शकता व पुनर्वसन या संज्ञा आल्या; ‘संपादन’ मात्र टिकून राहिले. पर्यायी शब्दाची निवड हा केवळ कोशकाराचा प्रश्न नाही. क्रिया कोणाच्या बाजूने सांगावयाची, याचा निर्णय त्या निवडीतच होत असतो.