प्रोजेक्टरची पारख

गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं सिनेमा पाहण्यासाठीं एक प्रोजेक्टर आणण्यांत आला. त्याची रक्कम घरांतील सर्वांनीं वर्षभर काटकसर करून जमविली होती. दुकानांत पाहिलेलें चित्र इतकें झळझळीत होतें कीं, दुसरें यंत्र पाहण्याची गरज कोणासच भासली नाहीं. परंतु घरीं शंभर इंची आकार करून तेंच चित्र भिंतीवर पाडलें, तेव्हां सर्वत्र राखेसारखी छटा पसरलेली दिसली. रात्रीचा प्रसंग सुरू होतांच पात्रें दिसेनाशीं झालीं. यंत्र बिघडलें आहे काय, हें पाहण्यास मुलाच्या वडिलांनीं आम्हांस बोलाविलें. प्रयोगाचा एक धडाच होईल, अशा हेतूनें आम्ही चार विद्यार्थी बरोबर घेऊन गेलों. असें यंत्र घेण्याचा ज्या पालकांचा विचार असेल त्यांच्यासाठीं तेथील हकीकत येथें देत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. चित्रकार कागदावर काळा रंग लावतो. प्रोजेक्टरला काळा प्रकाश फेंकतां येत नाहीं, कारण तसा प्रकाशच नसतो. चित्रांत जेथें काळें असावयाचें तेथें यंत्र उजेड अडवून धरतें, आणि आपणांस दिसते ती केवळ उजेड न पडलेली भिंत. मग भर दुपारीं, उघड्या खिडक्यांच्या खोलींत, काळ्याच्या जागीं पांढरी भिंत दिसली तर नवल तें काय? 1892 च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं काचेवर रंगविलेल्या चित्रांचा ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. यंत्रें पुष्कळ बदललीं, पण अंधाराची गरज त्या खेळास होती तशीच आजच्या यंत्रासही आहे.

आम्हीं खिडक्यांस जाड चादरी लावून दिवे मालविले. चित्र बरेंच सुधारलें, तरी राख पुरती गेली नाहीं. मग पूर्ण काळें चित्र घेऊन एका मुलानें भिंगापुढें क्षणभर पुठ्ठा धरला. (तो भिंगास टेकवूं नये, व फार वेळ धरूं नये, तेथें उष्णता फार असते.) पुठ्ठा धरतांच भिंत आणखी काळी झाली! म्हणजे काळ्या चित्रांतूनही उजेड झिरपतच होता. एल. सी. डी. पद्धतीच्या यंत्रांत प्रकाश अडविणाऱ्या सूक्ष्म झडपा असतात. त्या मिटल्या तरी थोडा प्रकाश गळतोच. डी. एल. पी. पद्धतींत इवले आरसे प्रकाश बाजूस वळवितात, पण त्यांतलाही कांहीं अंश पडद्याकडे येतो. ही गळती जितकी कमी तितकें यंत्र चांगलें. पेटीवर छापलेल्या मोठमोठ्या प्रमाणांपेक्षां आम्हांस या पुठ्ठ्याची साक्ष अधिक वाटते.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. पेटीवर 6000 ल्युमेन असें छापलेलें होतें. खरी मोजणी करावयाची तर पूर्ण पांढरें चित्र पाडून त्याचे 9 समान भाग कल्पावे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्समीटर धरावा, सरासरी काढावी व तिला चित्राच्या चौरस मीटरांनीं गुणावें. शंभर इंची चित्र सुमारें 2.21 मीटर रुंद व 1.25 मीटर उंच, म्हणजे 2.76 चौरस मीटर भरतें. प्रयोगशाळेंतील मीटरनें सरासरी 80 लक्स आली. गुणाकार मुलांनींच केला : सुमारें 220 ल्युमेन! वडील कांहीं बोलले नाहींत. दुकानांतलें चित्र मग एवढें तेजस्वी कसें होतें? तें चाळीस इंची होतें. शंभर इंचांवर तोच उजेड सव्वासहा पट क्षेत्रावर पसरावा लागतो. शिवाय तेथें दाखविलेलें होतें तें रंगीबेरंगी व्यंगचित्र. त्यांत काळोख असा कोठेंच नव्हता.

राहिली चित्राची सूक्ष्मता. ज्यास आज ‘फुल एच. डी.’ म्हणतात त्यांत आडवीं 1920 व उभीं 1080, मिळून 20,73,600 टिंबें असतात. या पेटीवर ‘1080 सपोर्ट’ असें लिहिलेलें होतें. सपोर्ट याचा अर्थ इतकाच कीं, यंत्र तेवढें चित्र आंत घेतें. बाहेर तेवढीं टिंबें टाकतें असें नव्हे. याची परीक्षा सोपी आहे. संगणकावर 1920 गुणिले 1080 मापाचें चित्र करून त्यांत एक टिंब काळें, एक पांढरें अशा उभ्या रेघा आंखाव्या. संगणकही तेंच माप पाठवीत आहे याची खात्री करावी. चित्राचा तिरकेपणा काढणारी कीस्टोन नांवाची योजना बंद ठेवावी, नाहींतर चांगल्या यंत्रावरही रेघा बिघडतात. खरें फुल एच. डी. यंत्र प्रत्येक रेघ निराळी दाखवितें. येथें मात्र करड्या लाटा उमटल्या. सोबतची पुस्तिका उघडली तेव्हां अगदीं शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, खरें माप सांपडलें : 1280 गुणिले 720, म्हणजे 9,21,600 टिंबें. निम्मींही नव्हेत.

यंत्र बिघडलेलें नव्हतें. तें मुळांतच तेवढें होतें. हें त्या कुटुंबास सांगणें आम्हांस जड गेलें. दुकानदारानें पेटीवरील ‘सपोर्ट’ या शब्दावर बोट ठेवून माल परत घेण्याचें नाकारलें. आतां चित्र साठ इंची केलें आहे, खिडकीस काळा जाड पडदा लाविला आहे, आणि सिनेमा रात्रीं जेवणें उरकल्यावरच लागतो. चित्र डोळ्यांस बरें वाटण्यासारखें झालें आहे.

त्या मुलाच्या मामांस पुढील महिन्यांत असेंच यंत्र घ्यावयाचें आहे. काळें चित्र, पांढरें चित्र, रेघांचें चित्र आणि पुठ्ठा घेऊन भाचा त्यांच्याबरोबर दुकानांत जाणार आहे. लक्समीटरही त्यानें एका दिवसापुरता मागितला आहे, व तो देण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.