काखेती : एका लहान राज्याची उभारणी आणि अस्त



संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला आपल्यापैकी पुष्कळ जण जुन्या गोव्याला जातात. बॉम जेझू बासिलिकेत प्रार्थना करतात, समोरचे से कॅथेड्रल पाहतात आणि परतीची गाडी पकडतात. तिथून थोड्याच अंतरावर एका टेकडीवर जांभ्या दगडाचा एक पडका मनोरा उभा आहे. ऑगस्टिनियन संघाच्या चर्चचा तो उरलेला भाग. या चर्चच्या व मठाच्या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा २००४ साली एका हाताचे हाड मिळाले. ते काखेती नावाच्या एका दूरच्या राज्याच्या राणीचे असावे, असा निष्कर्ष पुढे शास्त्रज्ञांनी काढला.

हे काखेती कुठले? ही राणी कोण? आणि तिचे हाड गोव्यात कसे आले? या अभ्यासपाठात आपण त्या राज्याचा इतिहास पाहणार आहोत. तो पाहताना एक प्रश्न मनाशी धरू या. लहानाने मोठ्यापुढे किती वाकावे आणि कुठे थांबावे?

द्राक्षमळ्यांचा प्रदेश

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात जॉर्जिया हा देश आहे. त्याच्या पूर्व भागाला काखेती म्हणतात. उत्तरेला कॉकेशस पर्वताची भिंत आणि पायथ्याला अलाझानी नदीचे सुपीक खोरे. मातीचे मोठे रांजण जमिनीत पुरून त्यांत द्राक्षारस तयार करण्याची तिथली पद्धत फार जुनी आहे. जॉर्जियाच्या या परंपरेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले.

चौथ्या शतकात संत निनो हिच्या प्रचारकार्यामुळे जॉर्जियाने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. परंपरेनुसार निनोची कबर काखेतीतील बोद्बे येथे आहे. भूमी चांगली, श्रद्धा जुनी. पण जागा मात्र वाऱ्यावरची. दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या सत्तेची नजर या खोऱ्यावर पडे.

पहिले राज्य

आठव्या शतकाच्या अखेरीस अरबांची पकड सैल होऊ लागली, तेव्हा काखेतीच्या सरदारांनी स्वतःची सत्ता उभी केली. या सत्ताधीशांची पदवी मोठी नवलाची होती. ते स्वतःला 'खोरेपिस्कोपोस' म्हणवीत. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ होतो ग्रामीण भागाचा बिशप. प्राचीन ख्रिस्तसभेत खेड्यापाड्यांची काळजी वाहणाऱ्या सहायक बिशपांना हे नाव होते. काखेतीत ते राज्यकर्त्याचे नाव झाले.

इ.स. १०१० च्या सुमारास जॉर्जियाचा राजा तिसरा बाग्रात याने काखेती जिंकून आपल्या राज्याला जोडले. १०१४ मध्ये तो वारला आणि तिसऱ्या क्विरिकेने काखेती पुन्हा मोकळे केले. शेजारचा हेरेती प्रांतही त्याने आपल्या राज्यात आणला. त्याने जुनी पदवी सोडली आणि 'राजा' हे नाव घेतले. हा पहिल्या राज्याचा भरभराटीचा काळ. अलाझानीच्या खोऱ्यातले अलावेर्दी कॅथेड्रल याच काळातले. पन्नास मीटरहून उंच असलेली ही वास्तू आजही उपासनेत आहे. क्विरिकेचा मृत्यू मात्र १०३७ च्या सुमारास शिकारीच्या वेळी एका गुलामाच्या हातून झाला.

त्यानंतर सेल्जुक तुर्क आले. राजा पहिला अग्सार्तान याने सुलतान मलिक शाहच्या दरबारी जाऊन इस्लामचा स्वीकार केला आणि त्या बदल्यात आपले राज्य कायम करून घेतले. राज्य टिकवण्यासाठी त्याने आपली श्रद्धा दिली. पण टिकले किती? त्यानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी, ११०४-०५ मध्ये, काखेतीच्याच सरदारांनी त्याचा वंशज दुसरा अग्सार्तान याला पकडून जॉर्जियाचा राजा चौथा दावित याच्या हवाली केले. मदतीला आलेल्या सेल्जुक फौजेचा दावितने एर्त्सुखीच्या लढाईत पराभव केला. पहिले राज्य संपले. ते संपवणारा राजा ख्रिस्ती होता, हेही लक्षात ठेवू या.

दुसरे राज्य

पुढची साडेतीन शतके काखेती हा जॉर्जियाचा एक भाग होता. राणी तामारच्या काळात (११८४ ते १२१३) त्या देशाने वैभव पाहिले. त्यानंतर मंगोल आले, मग तैमूरलंगाच्या स्वाऱ्या झाल्या आणि पंधराव्या शतकात एकसंध जॉर्जियाचे तुकडे पडले. गादी गमावलेला राजा आठवा गिओर्गी १४६६ मध्ये काखेतीत आला आणि तिथे त्याने वेगळे राज्य स्थापन केले. ते दुसरे काखेती.

राजा लेवानच्या दीर्घ कारकिर्दीत (१५७४ पर्यंत) ते बहरले. राजधानी ग्रेमी हे रेशमाच्या व्यापारामुळे गजबजलेले शहर होते. तिथे १५६५ मध्ये लेवानने देवदूतांच्या नावाने बांधलेले चर्च अजून उभे आहे. या सुबत्तेमागे एक हिशेब होता. एका बाजूला इराणचा शाह, दुसऱ्या बाजूला तुर्की सुलतान. दोघांना खूश ठेवायचे, नजराणे द्यायचे, लढाई टाळायची आणि प्रसंगी राजपुत्राला ओलीस म्हणून दरबारी पाठवायचे. लेवानचा मुलगा दुसरा अलेक्सांद्रे याने तर १५८७ मध्ये रशियाच्या झारशीही निष्ठेचा करार केला.

या हिशेबाची किंमत एका घराने फार भयंकर चुकवली. अलेक्सांद्रेचा मुलगा कॉन्स्टंटाइन इराणच्या दरबारात वाढला. तो घरचा राहिला नव्हता. १२ मार्च १६०५ रोजी शाह अब्बासच्या इशाऱ्यावरून त्याने आपल्या वडिलांची आणि भावाची हत्या करवली आणि गादी घेतली. ज्या मुलाला राज्याच्या सुरक्षेसाठी तारण ठेवले, तोच राज्यावर उलटला.

राणी केतेवान

केतेवान ही कॉन्स्टंटाइनची भावजय. तिचे पती दावित १६०२ मध्येच वारले होते. पदरी अल्पवयीन मुलगा तैमुराझ. या विधवा राणीने काखेतीच्या सरदारांना एकत्र केले आणि त्याच वर्षी कॉन्स्टंटाइनचा पराभव केला. तो लढाईत मारला गेला. सांगतात की, शत्रूच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्याचा आदेश तिने दिला आणि कॉन्स्टंटाइनच्या देहाचा मान राखला. त्यानंतर तिने शाह अब्बासशी बोलणी केली. तैमुराझला राजा म्हणून मान्यता मिळवली आणि तो लहान असेपर्यंत राज्यकारभार पाहिला.

म्हणजे केतेवानला वाकणे माहीत नव्हते, असे नाही. शाहचे वर्चस्व तिने मान्य केले होते. १६१४ मध्ये शाहने ओलीस मागितले, तेव्हा ती स्वतः बोलणी करायला गेली आणि तिथेच अडकली. तैमुराझच्या दोन मुलांनाही, अलेक्सांद्रे आणि लेवान यांनाही, इराणला पाठवावे लागले. तरीही युद्ध टळले नाही. १६१४ ते १६१७ या काळात शाहच्या फौजांनी काखेती उजाड केले. ग्रेमी शहर उद्ध्वस्त झाले. शाहच्याच पदरी असलेल्या इस्कंदर बेग मुन्शी या इतिहासकाराने साठ-सत्तर हजार माणसे मारली गेल्याचे आणि लाखाहून अधिक कैद झाल्याचे लिहिले आहे. ज्यांना हाकलून इराणमध्ये नेले, त्यांच्या वंशजांपैकी काही इस्फहानच्या पश्चिमेला फेरेदान भागात आजही जॉर्जियन भाषा बोलतात.

ओलीस ठेवलेल्या दोन्ही नातवंडांचे शाहने खच्चीकरण केले. त्यांतून ती मुले वाचली नाहीत. केतेवान शिराझमध्ये दहा वर्षे कैदेत होती. तिकडे तैमुराझ शरण येत नव्हता. अखेर १६२४ मध्ये तिला निरोप आला, ख्रिस्ती श्रद्धा सोड आणि शाहच्या जनानखान्यात ये. तिने नकार दिला. सप्टेंबर महिन्यात तापवलेल्या सांडसांनी तिच्या शरीराचे हाल करून तिला ठार मारण्यात आले. मुलासाठी, प्रजेसाठी तिने खंडणी, मानपान, स्वतःचे स्वातंत्र्य असे सगळे दिले होते. ही एक गोष्ट तिने दिली नाही.

राज्याचा अस्त आणि हाडाचा प्रवास

केतेवानच्या मरणाने राज्य वाचले का? नाही. तैमुराझने आईच्या रक्तसाक्षीवर काव्य लिहिले, झगडा चालू ठेवला, गादी मिळवली आणि गमावली. १६६३ मध्ये तो इराणच्या कैदेत वारला. काखेती पुढे बराच काळ इराणच्या हुकमतीत राहिले. १७६२ मध्ये राजा दुसरा एरेक्ले याने काखेती आणि शेजारचे कार्तली ही राज्ये एक केली आणि काखेतीचे वेगळे नाव संपले. १७८३ मध्ये त्याने रशियाचे संरक्षण स्वीकारले. पण १७९५ मध्ये इराणी फौजेने तिबिलिसी शहर लुटले, तेव्हा रशियाची मदत पोहोचली नाही. १८०१ मध्ये त्याच रशियाने हे राज्य गिळले आणि १८११ मध्ये जॉर्जियन ख्रिस्तसभेची स्वायत्तताही काढून घेतली.

त्या वेळी शिराझमध्ये पोर्तुगीज ऑगस्टिनियन धर्मगुरू होते. त्यांनी राणीचे अवशेष गुप्तपणे मिळवले. काही भाग १६२८ मध्ये तैमुराझकडे पोहोचवला, तर हाताचा भाग १६२७ मध्ये गोव्याला आणून आपल्या मठात ठेवला. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाल्यावर मठ ओसाड पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांच्या आधाराने जॉर्जियन आणि भारतीय संशोधकांनी ती जागा शोधली. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात हाडाची डीएनए तपासणी झाली. भारतीयांत न आढळलेला आणि जॉर्जियन लोकांत आढळणारा मातृवंश त्यात दिसला. १० जुलै २०२१ रोजी भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अवशेषांचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाला अर्पण केला.

केतेवान ऑर्थोडॉक्स होती. तिला संत म्हणून गौरवणारी ख्रिस्तसभाही ऑर्थोडॉक्स. तिचे अवशेष जिवाच्या धोक्यात जपले ते मात्र कॅथलिक धर्मगुरूंनी. ख्रिस्तसभांच्या ऐक्यासाठी आपण दर जानेवारीत प्रार्थना करतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

आपण काय घ्यावे?

हा इतिहास 'ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान' असा वाचण्याचा मोह होईल. तो मोह आपण टाळला पाहिजे. पहिले राज्य ख्रिस्ती राजाने संपवले, शेवटचा घास ख्रिस्ती साम्राज्याने घेतला. सत्तेची भूक कोणत्याही धर्माचे कपडे घालू शकते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. श्रद्धा सोडून अग्सार्तानने राज्य टिकवले, ते पंचवीस वर्षांत गेले. श्रद्धा राखून केतेवानने प्राण दिले, तरी राज्य उजाड झाले आणि निरपराध नातवंडेही गेली. म्हणजे निष्ठेचे फळ राज्याच्या नकाशावर शोधले, तर हाती काही लागत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही कृती आणि तिचा परिणाम यांतला भेद पाठ केला होता. परीक्षेपुरता तो सोपा वाटला. केतेवानच्या कोठडीत उभे राहून पाहिले की तो किती महाग आहे ते कळते. परिणाम आपल्या हाती नसतो. 'हो' किंवा 'नाही' म्हणणे आपल्या हाती असते आणि त्याचेच उत्तर आपल्याला द्यायचे असते.

म्हणून प्रत्येक बाबतीत ताठ राहावे, असाही याचा अर्थ नाही. कैसरच्या नाण्याविषयी प्रभू येशूला विचारले, तेव्हा त्याने कर देण्याला नकार दिला नाही. पण देवाचे ते वेगळे ठेवले. संसारात, नोकरीत, शेजारात आपण रोज काही ना काही सोडतो. मान सोडतो, पैसा सोडतो, हक्काचा शब्द गिळतो. त्यात कमीपणा नाही, पुष्कळदा प्रेमच असते. मात्र सोडता सोडता आपण कुठवर आलो, हे अधूनमधून पाहिले पाहिजे. खोटी सही, गरिबाच्या हक्कावर पाणी, घरातल्या दुबळ्या माणसाला पुढे करून स्वतःची सुटका, यांनाही आपण 'व्यवहार' म्हणू लागलो नाही ना?

पुढच्या वेळी जुन्या गोव्याला गेलात, तर गाडी थोडी थांबवा. त्या टेकडीवर चढा. पडक्या भिंतींमध्ये दोन मिनिटे शांत उभे राहा.

चिंतनासाठी

१. कुटुंबाच्या किंवा नोकरीच्या सुरक्षेसाठी मी आजवर काय काय सोडले? त्यांतले काय सोडायला नको होते?

२. माझ्या तडजोडीची किंमत माझ्याऐवजी घरातले दुसरे कोणी चुकवते आहे का?

३. आपल्या शेजारी राहणाऱ्या इतर पंथांच्या ख्रिस्ती बांधवांचा आणि इतर धर्मीयांचा कोणता चांगुलपणा आम्ही अजून मान्य केलेला नाही?