मॅग्नेशियमवरील संरक्षक लेप

मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटीमीटरला १.७४ ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणूनच विमानांच्या व मोटारींच्या भागांसाठी ते मोलाचे ठरते. परंतु खाऱ्या, दमट हवेत ते लवकर गंजते. कारण त्याचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा कमी जागा व्यापतो आणि पृष्ठभाग पुरता झाकला जात नाही.

साहजिकच वरून लेप देणे आले. येथे जस्ती पत्र्याचा अनुभव मात्र उपयोगी पडत नाही. त्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. मॅग्नेशियमवरील निकेलच्या मुलाम्यात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले, तर निकेल शाबूत राहते आणि खालचे मॅग्नेशियम पोखरले जाते. असल्या सदोष मुलाम्यापेक्षा उघडा धातू बरा! पोलादी बोल्ट बसवतानाही हाच धोका असतो. म्हणून मध्ये वीजरोधक वॉशर घालतात.

पूर्वी क्रोमेटची प्रक्रिया सर्रास होत असे. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक ठरल्याने तिच्यावर निर्बंध आले. आता क्षारयुक्त द्रावणात उच्च दाबाची वीज सोडून, ठिणग्यांच्या उष्णतेने पृष्ठभागावरच कठीण ऑक्साइड तयार करतात. तोही सच्छिद्र असतो. त्याची छिद्रे राळेने किंवा रंगाने बुजवावी लागतात.