शेवटच्या फेरीची मुलाखत: नाकाडोंगरीहून निघण्याआधीचा हिशोब

मुलाखतीचे पत्र आले की आधी त्यातले पद पुन्हा वाचा. त्या पदाला मुलाखत असते का, हा पहिला प्रश्न. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. सार्वजनिक कंपन्यांच्या कामगार पातळीच्या भरतीलाही तेच लागू झाले. तिथे लेखी परीक्षा असते, फार तर कौशल्य किंवा ट्रेड चाचणी. तलाठी आणि पोलीस भरतीतही मुलाखत नाही. म्हणून मॉईलच्या डोंगरी बुजरुग किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीत मजूर, फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून "मुलाखतीतून लावून देतो" असे कोणी म्हणाले, तर चहाचेसुद्धा पैसे त्याच्यावर खर्च करू नका.

मुलाखत खरोखर असते ती अधिकारी पदांना, एमपीएससीच्या राज्यसेवेला, बँकांच्या पीओ पदांना, काही कंत्राटी जागांना आणि खासगी कंपन्यांत. एमपीएससीच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची आहे. तयारी करायची ती अशा ठिकाणी.

आता कागदपत्रे. जन्मतारखेसाठी दहावीची सनद, सगळ्या गुणपत्रिका, पदवी, आधार, पॅन, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, अनुभवपत्रे, पासपोर्ट फोटो. सगळ्याच्या मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच. अडचण हमखास नॉन-क्रीमीलेयरवर येते. राज्याच्या भरतीला राज्याचा नमुना लागतो, मॉईलसारख्या केंद्रीय कंपनीला केंद्राचा. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. तो कोणत्या तारखेचा हवा, हे जाहिरातीत लिहिलेले असते. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षापुरताच असतो, ३१ मार्चनंतर नवा काढा.

हे दाखले "आपले सरकार" सेवा केंद्रातून किंवा स्वतः ऑनलाइन अर्ज करून मिळतात. एप्रिल २०२५ मध्ये सेवाशुल्क २५ वरून ५० रुपये झाले. त्यावर कर आणि किरकोळ आकार धरूनही एका दाखल्याला शंभराची नोट पुरावी. तीनशे-पाचशे मागितले तर पावती मागा. पावती म्हटले की भाव बहुधा उतरतो. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही, शासनाने तो माफ केला आहे. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सहीही आता सहसा लागत नाही. पत्रात वेगळे सांगितले नसेल तर "स्वयंसाक्षांकित" लिहून तुमचीच सही पुरते. दाखला नव्याने काढायचा असेल तर तीन आठवडे हाताशी ठेवा. तुमसरला तहसीलच्या बाहेर "एका दिवसात देतो" म्हणणारे भेटतील. त्यांना दिलेले पैसे दाखल्याचे नसतात, तुमच्या घाईचे असतात.

प्रवासात पैसे कमी जातात, पण चूक महाग पडते. डोंगरी बुजरुग आणि गोबरवाही ही स्टेशने तुमसर रोड–तिरोडी मार्गावर आहेत, पण तिथे गाड्या मोजक्या. मुलाखतीच्या दिवशी त्यांच्या भरवशावर राहू नका. एसटीने तुमसर गाठा आणि तिथून देव्हाडीला जा. मुख्य मार्गावरचे तुमसर रोड स्टेशन देव्हाडीला आहे, गावातले तुमसर टाऊन वेगळे. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. तुमसर रोडहून नागपूरला एक्स्प्रेसचे जनरल तिकीट पन्नासच्या आसपास, मेमूचे त्याहून कमी. मात्र गाडी नागपूरला जाते की इतवारीला थांबते, हे तिकीट काढतानाच विचारा. काटोल रोडवरच्या मॉईल भवनला जायचे असेल आणि तुम्ही इतवारीला उतरलात, तर रेल्वेत वाचलेले पैसे ऑटोत जातात. ऑटोचे भाडे बसण्याआधी ठरवा.

हजर राहण्याची वेळ सकाळी दहाच्या आधीची असेल तर आदल्या संध्याकाळीच नागपूर गाठा. मालगाड्यांच्या गर्दीत या मार्गावर गाडी रखडणे नेहमीचे आहे. लॉजचा भाव विचारताना "कर धरून किती?" असे विचारा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी असतो. चेक-आउट चोवीस तासांचे की सकाळी ठरावीक वेळेचे, हेही पक्के करा, नाहीतर मुलाखतीहून परत येईपर्यंत दुसऱ्या दिवसाचे भाडे लागलेले असते.

पुण्याला बोलावले असेल तर गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस तुमसर रोडवरून थेट जाते आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात उतरवते. स्लीपर साडेचारशे ते पाचशे रुपये. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, पण मुलाखतीची तारीख इतक्या आधी कोण सांगतो? म्हणजे तत्काळ. स्लीपरचे तत्काळ आदल्या दिवशी ११ वाजता सुरू होते आणि त्याला १०० ते २०० रुपये जास्त पडतात. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसी खाते आधारशी जोडलेले लागते. हे काम आजच करून ठेवा. पहिला अर्धा तास एजंटांना तत्काळ काढता येत नाही, त्यामुळे "सीट पक्की" सांगून जादा पैसे घेणाऱ्याकडे जाण्यात अर्थ नाही. बेरोजगारांना मुलाखतीसाठी मिळणारी रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिचा फॉर्म कोणी विकत असेल तर घेऊ नका. उलट काही सरकारी कंपन्या स्वतःच भाडे परत देतात. कोणाला आणि कोणत्या वर्गाचे, ते पत्रात असते. तिकीट जपा, पासबुकाची प्रत सोबत न्या.

एकूण किती? नागपूरला जाऊन त्याच दिवशी परत: झेरॉक्स, फोटो, इस्त्री, जेवण, ऑटो धरून साधारण हजार. मुक्काम केलात तर आणखी हजार. पुणे, दोन रात्री: चार ते साडेचार हजार. नवा कोट यात धरलेला नाही, कारण त्याची गरज नाही. स्वच्छ फिका शर्ट, गडद पँट आणि पॉलिश केलेले बूट पुरतात.

मुलाखतीच्या क्लासला पैसे देण्याआधी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय यांची संकेतस्थळे बघा. अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी, ओबीसी व भटके-विमुक्त, आणि अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी या सरकारी संस्था आहेत. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी त्यांच्या योजना असतात. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा गावाची माहिती जास्त उपयोगी पडते. पत्ता वाचून पॅनेल हमखास विचारते: तुमच्याकडे काय निघते? डोंगरी बुजरुगची खाण उघडी आहे, चिखल्याची भूमिगत. मॉईलची स्थापना १९६२ची. बावनथडी प्रकल्प महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा संयुक्त. साधारण धानाचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला २३६९ रुपये. हे चार मुद्दे स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजेत.

खासगी कंपनीची शेवटची फेरी बहुतेकदा मोबाइलवर होते. वादळात लाईन जाते, म्हणून फोन पूर्ण चार्ज ठेवा, दुसऱ्या कंपनीचे सिम तयार ठेवा आणि आदल्या दिवशी त्याच खोलीत बसून कॉल करून बघा. पगाराची बोली वर्षाच्या सीटीसीत होते. तीन लाख म्हणजे महिना पंचवीस हजार हातात, असे समजू नका. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच मोजलेली असते, तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर वेगळा कापला जातो. "हातात किती?" हे तिथेच विचारा, त्यात काही उद्धटपणा नाही. बाँड असेल तर रक्कम आणि मुदत लेखी घ्या. मूळ प्रमाणपत्रे दाखवा, पण तिथे ठेवून येऊ नका.

ट्रेनिंग फी, लॅपटॉप डिपॉझिट, मेडिकल, गणवेश, फाइल खर्च अशा कोणत्याही नावाने नोकरीआधी पैसे मागितले, तर ती नोकरी नाहीच असे समजा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका: लगेच १९३० वर फोन करा, व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपा आणि गोबरवाही पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.