क्रूझ कंट्रोल बसविणे : काम वेग धरण्याचे नव्हे, सोडण्याचे

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर तासन्‌तास ॲक्सिलरेटरवर पाय दाबून बसणाऱ्यास साहजिकच वाटते की, महाग मॉडेलमध्ये मिळणारे क्रूझ कंट्रोल आपल्या साध्या मॉडेललाही बसवावे. आमच्या जिल्ह्यातील ऑटो इलेक्ट्रिशियन बंधूंनी हे काम घ्यावे काय, आणि घेतले तर कसे करावे, याचा आज विचार करू.

प्रथम गाडी ओळखावी. जुन्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत तारेची केबल असते. तेथे व्हॅक्यूमवर किंवा छोट्या मोटारीवर चालणारा सर्व्हो बसवून केबल ओढावी लागते. हे काम मेहनतीचे असले तरी सर्व काही डोळ्यांना दिसते. नव्या गाडीत केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, ते वेगवेगळे व्होल्टेज ईसीयूला पाठवितात आणि ईसीयू दोन्हींचा मेळ घालून पाहतो. किट पेडल व ईसीयू यांच्या मधोमध बसते आणि पाय दाबल्यासारखे व्होल्टेज स्वतः तयार करते. त्या मॉडेलच्या कपलरचेच किट घ्यावे. वायर कापून जोड मारणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नये. दोन सेन्सरांचा मेळ चुकला की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी जोर धरत नाही. काही गाड्यांच्या ईसीयूत ही सोय मुळातच असते, फक्त स्टेअरिंगवरील बटणे दिलेली नसतात. म्हणून किट घेण्यापूर्वी ही चौकशी अधिकृत सर्व्हिस सेंटरला अवश्य करावी. स्टेअरिंग उघडण्यापूर्वी मात्र बॅटरी काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे, कारण एअरबॅग तेथेच असते.

वेग धरून ठेवणे ही यातील सोपी बाजू होय. अमेरिकेतील राल्फ टीटर या अभियंत्याने ती फार पूर्वी सोडविली. १९५० साली त्यास पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ते यंत्र आले. टीटर लहानपणापासून अंध होता, गाडी चालवीत नव्हता. असो. खरे कौशल्य ब्रेकला पाय लागताच यंत्राने वेग सोडण्यात आहे.

ब्रेकचा संकेत बहुधा ब्रेक दिव्याच्या वायरीवरून घेतात. आता दिव्याचा फ्यूज उडाला तर? ब्रेक दाबला तरी त्या वायरीत करंट येणार नाही आणि किटला काहीच कळणार नाही. म्हणून अनेक गाड्यांच्या ब्रेक स्विचमध्ये दुसरा स्वतंत्र संपर्क असतो. किटची जोडणी त्यावरूनही करावी. काम झाल्यावर दिव्याचा फ्यूज मुद्दाम काढून पाहावे. तरीही ब्रेकवर किट सुटले तरच गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यावी. काही किट बल्बच्या तारेतून अर्थिंग शोधतात. तेथे एलईडी दिवा लावला की किट चालूच होत नाही, आणि दोष बिचाऱ्या मिस्त्रीवर येतो. गिअरच्या गाडीत क्लचचाही स्विच हवाच. तो नसेल तर क्लच दाबताच इंजिन मोकळे होऊन किंचाळते.

ट्रायल दिवसा, कोरड्या व मोकळ्या रस्त्यावर, साठच्या वेगाने घ्यावी. ब्रेक नुसता स्पर्श करून, क्लच दाबून, बटण बंद करून, असे प्रत्येक प्रकारे किमान दहा वेळा वेग सुटतो का ते पाहावे. या अर्ध्या तासाचे पैसे बिलात वेगळे लावावेत. ते मागण्यात संकोच नको.

कायद्याची बाजू दुर्लक्षू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ग्राहकाने आरटीओ व विमा कंपनी यांचे लेखी उत्तर आधी आणावे, मगच किट मागवावे. वॉरंटीतील गाडीस आम्ही तर हात लावू नका असेच सांगू.

ग्राहकालाही दोन शब्द सांगणे मिस्त्रीचे काम आहे. अंबड-घनसावंगीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे याचा उपयोग शून्य. पावसात ओल्या रस्त्यावर बटण बंद ठेवावे. साधे क्रूझ कंट्रोल पुढची गाडी ओळखत नाही. १२० च्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, आणि पायाला काम उरले नाही की सरळ रस्त्यावर डोळा लवकर लागतो. झोप येत असेल तर किट बंद करून गाडी विश्रांतीच्या ठिकाणी थांबवावी.

जोडणीचा नकाशा कागदावर काढून, कोणती वायर कोठून घेतली ते लिहून, त्याची एक प्रत गाडीच्या कप्प्यात व एक दुकानातील वहीत ठेवावी. पुढे ती गाडी दुसऱ्याच गॅरेजमध्ये उघडली जाईल, तेव्हा तेथील पोऱ्याने काळी वायर ओढून पाहण्याआधी तो कागद त्याच्या हाती लागला पाहिजे.