कुत्रे चावल्यावरची लस आणि विम्याचे पैसे



फडात किंवा वस्तीवर कुणाला कुत्रं चावलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "विमा आहे ना, मग कशाची काळजी?" हा समज कितपत खरा, ते पाहू.

आपण ऊस आधी घालतो, बिल मागाहून मिळते. विम्याच्या परतफेडीचेही तसेच आहे. खर्च आधी आपल्या खिशातून, पैसे मागाहून. त्यातही बहुतेक आरोग्य विमे दवाखान्यात किमान 24 तास दाखल झालेल्या रोग्यासाठी असतात. लस घेणारा तासाभरात घरी येतो, म्हणून त्याचा दावा अनेकदा नामंजूर होतो. काही पॉलिसींत चावल्यानंतरची लस चालते. इतर लसी बहुधा वगळलेल्या असतात.

याचा फटका दोघांना बसतो. खासगी दवाखान्यात दंडावर 5 इंजेक्शने घ्यावी लागतात. पहिल्या इंजेक्शनचा दिवस शून्य धरून पुढची 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. पैसे परत येत नाहीत म्हटल्यावर माणूस दोन-तीन सुयांवर थांबतो. जखम भरली, आता कशाला, असं म्हणतो. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

डॉक्टरचेही भांडवल अडकते. लस पदरमोड करून आणायची, 2 ते 8 अंशांत ठेवायची, वीज गेली तर जपायची. पैसे वेळेवर सुटणार नसतील तर तो लस ठेवायचेच टाळतो, आणि रोग्याला तालुक्याला पळावे लागते.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा :

1. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका.

2. विम्याची चौकशी करत बसू नका. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे. त्याच दिवशी जा.

3. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागते. डॉक्टरांना तसे सांगा.

4. खासगीत लस घेतली तर चिठ्ठी, पावत्या व लसीचे कार्ड जपा. पॉलिसीत 'बाह्यरुग्ण' आणि 'लसीकरण' हे शब्द शोधून वाचा.

आपल्या ऊसतोडणी टोळ्यांनाही हे सांगा. टोळी दुसऱ्या गावी हलली तरी कार्ड बरोबर न्यावे आणि उरलेल्या सुया तिथल्या सरकारी दवाखान्यात घ्याव्यात.

बिल चार दिवस उशिरा आलं तर आपण चालवून घेतो. सुईची तारीख मात्र चुकवू नका.