उन्हाळ्यातील पाहुणचार

चैत्र लागला की सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या मुलखावर उन्हाचा अंमल सुरू होतो. शेते मोकळी पडतात, ओढ्यांचे पात्र कोरडे होते आणि दुपारच्या वेळी रस्त्याने चिटपाखरूही दिसत नाही. शाळांना सुट्टी लागते. मुंबई-पुण्याकडे नोकरीस असलेली माणसे मुलाबाळांसह गावी परततात. गावोगावच्या जत्रा आणि लग्नसराई यांचाही हाच काळ. म्हणून ज्या ऋतूत माणसाने घराबाहेर पडू नये, नेमक्या त्याच ऋतूत घरोघर पाहुण्यांची वर्दळ असते.

उन्हातून आलेल्या पाहुण्याला पहिल्याप्रथम काय द्यावे, याविषयी या मुलखात दुमत नाही. पाहुणा ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा येतो. कोणाच्या घरी अनादर झाला, तर माणूस जेवणाची तक्रार करीत नाही. ‘त्यांनी साधे पाणीसुद्धा विचारले नाही,’ असे तो म्हणतो. या एका वाक्यात आतिथ्याची सारी कसोटी आली आहे.

या रीतीमागे अनुभवाचे शहाणपण आहे. उन्हात चालल्याने घाम येतो आणि घामावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. पाण्याने तहान भागते आणि गुळातील साखरेने थकलेल्या अंगाला तरतरी येते. हे पाणी माठातील असेल, तर गोष्टच वेगळी. मातीच्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येते व त्याची वाफ होते. वाफ होताना लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते, आणि त्यामुळे ते पाणी गार होते. हवा जितकी कोरडी, तितकी ही क्रिया जलद घडते. म्हणूनच कोकणच्या दमट हवेत माठातील पाणी जेमतेम गार होते, तर माण, खटाव, आटपाडी, जत अशा कोरड्या तालुक्यांत ते बर्फाची आठवण करून देते. जेथे पाण्याची टंचाई अधिक, तेथेच माठ अधिक गार, हा निसर्गाचा मोठा विलक्षण न्याय म्हटला पाहिजे.

पाण्याच्या पाठोपाठ येते ते पन्हे. त्यासाठी टणक, आंबट कैऱ्या उकडून घेतात किंवा निखाऱ्यात भाजतात. गार झाल्यावर साल काढून गर कुस्करतात. गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, चवीपुरते मीठ आणि थोडी वेलदोड्याची पूड घालून तो एकजीव करतात. हा गर बरणीत भरून ठेवला, की आयत्या वेळी गार पाण्यात दोन-तीन चमचे कालवायचे, एवढेच काम उरते. गोड, आंबट आणि खारट या तिन्ही चवी त्यात एकत्र नांदतात, आणि घामावाटे गेलेले मीठही थोडेबहुत परत मिळते. कैरी परसातली, गूळ कऱ्हाड-सांगलीकडच्या उसाचा. बाजारात जाऊन महागडे काही आणावे, असे यात काहीच नाही.

पन्ह्याचा खरा सोहळा पाहावा तो चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माहेरपण भोगते. या महिन्यातील सोईचा एखादा दिवस पाहून आळीतील बायकांना बोलावतात. कलिंगडाची कमळे कापून आरास मांडतात. आलेल्या प्रत्येकीला हळदकुंकू, भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ आणि पन्हे मिळते. हळद बहुधा सांगलीच्याच पेठेतून आलेली असते. या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कैरीच्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटतात. तीत किसलेली कैरी, ओले खोबरे, कोथिंबीर व मीठ घालतात आणि वरून मोहरी-हिंगाची चुरचुरीत फोडणी देतात. डाळ शिजवावी लागत नसल्यामुळे भर उन्हाळ्यात चुलीपुढे ताटकळण्याचा प्रसंग येत नाही. पन्नास पाहुण्या आल्या, तरी घरची गृहिणी दमत नाही. तीही चार घटका त्यांच्यात बसून बोलू शकते. साध्या पदार्थांचा हा मोठाच गुण होय.

उन्हाळ्यातील दुसरा सोहळा अंगणात आणि गच्चीवर चालतो. तो वाळवणाचा. पापड, सांडगे, शेवया, कुरडया हे पदार्थ एकटीने होण्याजोगे नाहीत. म्हणून आज एकीच्या घरी, तर उद्या दुसरीच्या घरी, अशी शेजारणींची पाळी ठरते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज त्याचे पाणी बदलतात, मग ते वाटून त्यांचे सत्त्व काढतात. ते शिजवून जो दाट, पांढराशुभ्र चीक होतो, त्यावर मुलांचा डोळा असतो. वाटीभर गरम चीक, त्यावर दूध आणि साखर! ही मुलांची मजुरी; कारण वाळवणावरचे कावळे हाकण्याचे काम त्यांचे असते. वर्षभर येणाऱ्या पाहुण्यांच्या पानात जी कुरडई फुलते, तिची तयारी अशी अनेक हातांनी वैशाखात झालेली असते.

सर्वांच्याच घरी एवढी समृद्धी नसते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथेच उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली अशी वाहत जाते. परंतु नदीकाठ सोडून पूर्वेकडे जावे, तसतसा पाऊस कमी होतो. माणदेशात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपासच असतो. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी अलीकडे या कोरड्या भागांपैकी पुष्कळ गावांना कृष्णेचे पाणी पोहोचविले आहे. त्यापूर्वी तेथील बायकांना घागरभर पाण्यासाठी कोसभर चालावे लागे. तरीही ताकाचे किंवा ज्वारीच्या आंबिलीचे भांडे पाहुण्यापुढे ठेवण्यास त्या चुकल्या नाहीत. ज्या घरात पाणी मोजून वापरावे लागते, त्या घरातील एक तांब्या पाणी हा मोठा सत्कारच समजला पाहिजे.

आणि तरीही याच मुलखात एक तांब्या पाणी नाकारले गेल्याची गोष्ट घडली आहे. ती १९०१ सालच्या उन्हाळी सुट्टीतील. नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर तेव्हा साताऱ्याच्या शाळेत शिकत होते. त्यांचे वडील खटाव तालुक्यात नोकरीस होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव बांधला जात होता. वडिलांनी सुट्टीसाठी बोलावले, तेव्हा भीमराव आपल्या भावाबरोबर व घरातील इतर मुलांबरोबर मोठ्या हौसेने निघाले. नवे कपडे अंगात होते. आत्याने प्रवासासाठी घरी केलेल्या पदार्थांचा डबा बरोबर दिला होता. मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. परंतु ती महार समाजाची आहेत, असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाड्याच्या लोभाने एकजण तयार झाला. गाडी मात्र मुलांनीच हाकायची, अशी त्याची अट होती. वाटेत रात्र पडली. नाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. डब्यात खाऊ भरपूर होता. पण पाण्यावाचून तो घशाखाली उतरेना. मुले तहानलेली आणि उपाशीच झोपली. ही हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

त्या डब्यातील पदार्थ प्रेमाने केलेले होते. उणीव होती ती वाटेवरच्या माणसांच्या मनात. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह प्राशन केले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक विहिरी व तलाव सर्वांना खुले असल्याचे सांगितले. आपल्या मंगल समारंभांतही कोणी वगळले जात नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी मात्र प्रत्येक घराची आहे. पूर्वी हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा स्त्रीला बोलावीत नसत. ही प्रथा अजून सर्वत्र गेलेली नाही. परंतु २०२२ साली शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांवरील जाचक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ही आशेची गोष्ट होय.

पाहुणचाराचे वर्तुळ किती मोठे होऊ शकते, हे २०१६ सालच्या उन्हाळ्याने दाखविले. त्या वर्षी लातूर शहर पाण्यावाचून व्याकूळ झाले होते. ११ एप्रिल रोजी सांगली जिल्ह्यातील मिरज स्थानकातून पाण्याने भरलेल्या दहा वाघिणींची आगगाडी निघाली. सुमारे ३४० किलोमीटरांचा प्रवास करून ती दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. सुमारे पाच लाख लिटर पाणी तीत होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. ‘जलदूत’ हे तिचे नाव. त्याच उन्हाळ्यात सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागातही टंचाई होती. तरी कृष्णेचे पाणी परजिल्ह्यातील अनोळखी माणसांच्या घागरींत पडले.

पन्हे करणे सोपे आहे; कैरी, गूळ आणि मीठ मिळाले की ते होते. दारी आलेला कोणीही असो, त्याला आधी पाणी विचारणे हे त्याहून सोपे आहे, आणि त्याहून मोलाचेही.

स्वाध्याय

१. कोरड्या हवेत माठातील पाणी अधिक गार का होते?
२. कैरीच्या डाळीचा कोणता गुण लेखकाला मोठा वाटतो?
३. कुरडया करताना मुलांचे काम कोणते व त्यांची मजुरी कोणती?
४. १९०१ सालच्या प्रवासात खाऊ जवळ असूनही मुले उपाशी का राहिली?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : चिटपाखरूही न दिसणे, डोळा असणे, व्याकूळ होणे.
६. उन्हाळ्यात तुमच्या घरी होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.